चंबूंचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. पण मला पाहून कोणाला अंगाई आठवणार नाही. लोखंडी चौकट, तिच्यावर एक रुंद तबक, तबकावर काचेचे चंबू धरून ठेवणारे चिमटे आणि पोटात एक मोटर, एवढाच माझा संसार. बटण फिरवले की माझे तबक पुढे-मागे डोलू लागते आणि चंबूंतले पाणी हेलकावे खाते. माझ्या पाठीवरच्या पाटीवर 'शेकर' असे लिहिले आहे. पण पाण्याच्या प्रयोगशाळेत आल्यापासून सगळे मला पाळणाच म्हणत आले आणि खरे सांगायचे तर मलाही तेच आवडते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दिवसभर ठिणग्या उडत आणि माणसे एकमेकांशी ओरडून बोलत. लेथवर बसणारा कारागीर मोठा खोडसाळ होता. यंत्र तयार झाले की तो आपला चहाचा ग्लास त्याच्या तबकावर ठेवी आणि यंत्र सुरू करी. चहा सांडला की यंत्र नापास. माझ्यावरचा चहा काठापर्यंत आला, थोडा विचार केल्यासारखा थांबला आणि परत फिरला. कारागिराने तो चहा पिऊन टाकला आणि मला खोक्यात घालायला सांगितले. माझे बारसे एवढ्यावरच उरकले.

प्रयोगशाळेत माझे खोके उघडले ते बाईंनी. आज त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत, केस पांढरे झाले आहेत आणि त्या दारात आल्या की संशोधन करणारी मुले खुर्च्यांवरून उठतात. तेव्हा त्या तरुण होत्या आणि त्यांच्या कडेवर एक तान्ही मुलगी होती. घरी तिला सांभाळायला कोणी नव्हते. मग बाई तिला कपड्यांच्या टोपलीत घालून माझ्या ओट्याखाली निजवत आणि वर माझ्याबरोबर काम करत. पण माझी एक खोड होती. मोटर हळू चालवली की मी खडखडत असे आणि जोरात चालवली की चंबू किणकिणत. दोन्ही आवाजांनी बाळ दचकून उठे आणि मग कसला प्रयोग नि कसले काय. बाईंनी एके दुपारी बटण इकडेतिकडे फिरवून अशी जागा शोधली, जिथे मी अगदी गुपचूप डोलत होतो. तिथे त्यांनी नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला. त्या दिवसापासून मी त्या ठिपक्यावर चालू लागलो. खाली बाळ झोपे, वर चंबू डोलत. माझ्या आयुष्यातले ते फार गोड दिवस होते.

बाळ मोठे झाले, शाळेत गेले, पुढे नोकरीला लागून दूर गेले. ठिपका मात्र राहिला. नवी मुले येत, तेव्हा जुनी मुले त्यांना शिकवत की बटण लाल ठिपक्यावर ठेवायचे. का, ते कोणी विचारले नाही. बाईंच्या प्रयोगशाळेत ठिपका आहे म्हणजे त्याला काही कारण असणारच, असे सगळे धरून चालले होते.

आता माझे काम काय, ते सांगतो. पाण्यात काही गोष्टी विरघळतात आणि दिसेनाशा होतात किंवा पाण्याला रंग देतात. त्या गाळून निघत नाहीत. कापडातून गाळले तरी रंगीत पाणी रंगीतच राहते. पण त्यात कोळशाचे बारीक दाणे टाकले, तर विरघळलेला रंग त्या दाण्यांना जाऊन चिकटतो. कोळशाला अंगभर बारीक भोके असतात आणि त्यांत रंग घर करून बसतो. पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. प्रयोगशाळेतल्या मुलांना हवे असते ते वेगळेच. रंग चिकटतो हे त्यांना माहीत असते; तो किती भराभर चिकटतो, हे त्यांना शोधायचे असते. नाट्यगृहाचे दार उघडले की सुरुवातीला खुर्च्या पटापट भरतात आणि नंतर आलेल्यांना जागा शोधत फिरावे लागते. रंगाचेही तसेच. म्हणून मुले थोड्या थोड्या वेळाने चंबूतले पाणी काढून त्याचा रंग मोजतात, कागदावर बिंदू मांडतात, बिंदूंमधून रेषा काढतात आणि रेषेतून एक आकडा मिळवतात. त्या आकड्याच्या जोरावर, जे पाणी अजून आलेलेही नाही, त्याला स्वच्छ व्हायला किती वेळ लागेल ते सांगता येते. अशा गणितावर किती जणांना पदव्या मिळाल्या. प्रत्येकाने प्रबंधाच्या सुरुवातीला आईवडिलांचे, गुरूंचे, मित्रांचे, एकाने तर खानावळवाल्याचेही आभार मानले. माझी बोळवण मात्र नेहमी अर्ध्या वाक्यात होई: 'चंबू एकसारख्या वेगाने हलवले.' मी कधी तक्रार केली नाही. पण वाईट वाटायचे, हे खोटे कशाला सांगू?

मग प्रयोगशाळेत धाकटी आली. सगळ्यांत शेवटी आली म्हणून ती धाकटी. नावाने तिला कोणीच हाक मारत नसे. बोलायला चुरूचुरू, गणितात हुशार आणि सरळ रेषेचे भारी वेड. तिचे बिंदू रेषेवर बसले की ती मान डोलावत असे आणि मी तिच्याबरोबर डोलत असे. तिला तिच्या आत्याने वाढवले होते. आत्याचा सूत रंगवायचा छोटा कारखाना होता. गावाच्या कडेला एक लांब खोली, तिच्यात रंगाची पिंपे आणि बाहेर दोऱ्यांवर वाळत घातलेले निळे सूत. आत्याचे हात मनगटापर्यंत निळे असत आणि ते कितीही घासले तरी निळेच राहत. त्या हातांनी तिने धाकटीच्या वेण्या घातल्या, डबे भरले आणि तिला शिकवले. हे सगळे धाकटी चंबू धुताना कोणालाही सांगत असे, म्हणून मला माहीत आहे.

एक दिवस धाकटी तोंड पाडून आली. आत्याच्या कारखान्यातले उरलेले निळे पाणी नाल्यातून नदीला जात होते. नदीकाठच्या लोकांनी तक्रार केली होती आणि पाण्याच्या खात्याचे साहेब येऊन सांगून गेले होते, की महिनाअखेरपर्यंत पाणी नितळ झाले नाही तर कारखान्याला कुलूप लागेल. आत्या साहेबांशी भांडली नव्हती. नदीचे पाणी निळे दिसते हे तिलाही खुपत होते. पण कारखाना गेला तर ती करणार काय? तिला दुसरे काही येत नव्हते आणि या वयात शिकवणार तरी कोण? धाकटीने तिला शब्द दिला होता की पाणी मी नितळ करून देते.

ती कामाला लागली. आत्याच्याच कारखान्यातले निळे पाणी तिने चंबूंत भरले, कोळसा टाकला, बटण लाल ठिपक्यावर आणले आणि मला सुरू केले. मी जीव ओतून डोललो. बिंदू कागदावर उतरले ते असे शहाण्यासारखे एका ओळीत, की बाईंनीही चष्मा वर करून कौतुक केले. धाकटीने आकडा काढला, हिशेब मांडला आणि आत्याला सांगितले, की एका पिंपात एवढा कोळसा भर, त्यातून पाणी या बेताने सोड, खालून नितळ पाणी येईल. तिने सांगितले तसे आत्याने पिंप उभे केले.

चार दिवसांनी आत्या स्वतः प्रयोगशाळेत आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. ठेंगणी, घाईने चालणारी बाई. पिशवीतून तिने जुन्या कापडात गुंडाळलेली बाटली काढली आणि माझ्या शेजारी ठेवली. पाणी निळे होते. आधीपेक्षा फिके, पण निळेच.

"तुझं चुकलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण खालून येतंय ते हे असं येतंय."

धाकटीने बाटली उजेडात धरली. तिच्या तोंडचे पाणी पळाले. कोळसा कमी घातला का, पाणी भराभर सोडले का, असे सगळे प्रश्न तिने विचारून पाहिले. आत्याने काहीच कमीजास्त केले नव्हते. धाकटीने सांगितलेला शब्द तिच्यासाठी वेदवाक्य होता. जाताना तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि जेवत जा, एवढेच सांगितले. ती रागावली असती तर धाकटीला सोपे गेले असते, असे मला वाटते.

त्यानंतर धाकटीने तोच प्रयोग पुन्हा केला, पुन्हा केला आणि परत एकदा केला. दरवेळी बिंदू रेषेवर बसत आणि दरवेळी तोच आकडा येई. माझ्या तबकावर पाणी सांगितल्या वेळात नितळ होत होते आणि आत्याच्या पिंपातून निळे येत होते. धाकटीच्या अगदी नाकी नऊ आले. महिना सरत चालला होता.

त्यातच माझे एक दुखणे निघाले. मोटर आणि तबक यांना जोडणारा माझा रबरी पट्टा इतक्या वर्षांत ताणून सैल झाला होता. मोटर आपल्या नेहमीच्या वेगाने फिरे, पट्टा तिच्यावरून घसरे आणि तबक मात्र अगदी मंद, पेंगल्यासारखे हले. मोटरचा आवाज तोच असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही. सगळ्यांचे डोळे चंबूंवर असतात. चंबू हलत आहेत ना, मग झाले. त्या दिवशी धाकटीने पाणी काढून रंग मोजला, तर ते निळेच निघाले. बिंदू रेषेच्या पार खाली पडले. तिने कपाळाला हात लावला, 'खराब' असे पुटपुटून सगळे चंबू मोरीत ओतले आणि प्रयोग नव्याने लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. पुन्हा तिने चंबू ओतून दिले. मग तिने माझे झाकण उघडले आणि तिला घसरणारा पट्टा दिसला.

"याचं वय झालंय बाई," ती बाईंना म्हणाली. "आपल्याला नवीन शेकर लागेल. याला आता भंगारात द्या."

मित्रांनो, इतकी वर्षे डोललो, पण त्या दिवशी मला गरगरल्यासारखे झाले. ती वाईट मुलगी नव्हती. तिच्या आत्याच्या पोटावर पाय येत होता आणि राग कोणावर तरी काढायचाच होता. तरी ते शब्द लागले. बाईंनी काहीशा जड मनाने नव्या यंत्राची मागणी नोंदवली आणि माझी मोटर कुठे उपयोगी पडेल का, हे बघायला मिस्त्रीला बोलावले.

मिस्त्री आला तेव्हा धाकटी संगणकापुढे बसली होती. त्याने मला उघडले, पान्हा लावला आणि पट्टा काढणार इतक्यात ती मान वर न करताच म्हणाली, "थांबा हो काका, जरा थांबा."

तिच्यापुढे पडद्यावर ते दोन्ही बिघडलेले प्रयोग होते. पुसून टाकण्याआधी तिने सहज ते एकावर एक ठेवून पाहिले होते. पहिल्या दिवसाचे खराब बिंदू आणि दुसऱ्या दिवसाचे खराब बिंदू बरोबर एकमेकांवर बसत होते.

तिने बाईंना हाक मारली. "बाई, मी चुकले असते तर दोन्ही दिवशी वेगवेगळी चुकले असते ना? हे दोन्ही एकसारखेच कसे चुकले?"

बाईंनी खुर्ची ओढली. दोघींनी दोन्ही दिवसांची टिपणे ताडून पाहिली; नेहमीपेक्षा वेगळे होते ते एवढेच, की दोन्ही दिवशी तबक मंद हलले होते. मग धाकटीने आत्याला फोन लावला आणि विचारले, की पिंपात रात्रभर राहिलेले पाणी सकाळी कसे निघते. आत्या म्हणाली, ते नितळ निघते, पण तेवढे थांबत बसले तर दिवसभराचे पाणी ठेवायचे कुठे? धाकटी फोन ठेवायचे विसरून माझ्याकडे वळली. माझे झाकण उघडेच होते. तिने खटका दाबला. मोटर घरघरू लागली, पट्टा घसरू लागला आणि माझे तबक मंद मंद हलू लागले. ती पहिल्यांदाच चंबूंकडे न बघता मला बघत होती.

गोष्ट साधी होती. कोळशाच्या प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा एक पातळ, थिजल्यासारखा थर असतो. रंगाला कोळशापर्यंत पोचायचे तर तो थर ओलांडावा लागतो. मी जोरात हलवले की तो थर अगदी पातळ होतो आणि रंग झटक्यात पार होतो. आत्याच्या पिंपात हलवणारे कोणी नव्हते. तिथे पाणी गोगलगाईसारखे उतरत होते, थर जाड राहत होता आणि रंग वाटेतच रेंगाळत होता. कोळसा चांगला होता, रंगही तोच होता. धाकटी ज्याला कोळशाचा वेग समजत होती, त्यात मोठा वाटा माझ्या डोलण्याचा होता. पट्टा सैल झाला आणि माझ्या तबकावर पहिल्यांदा आत्याच्या पिंपासारखे पाणी तयार झाले. ते तिने दोनदा मोरीत ओतले होते.

"मग आपण कायम याच ठिपक्यावर का चालवतो, बाई?" धाकटीने विचारले. "या वेगाचं काय विशेष आहे?"

बाईंनी त्या लाल ठिपक्याकडे पाहिले. आधी त्यांना आठवेना. मग आठवले आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अगं, माझी मुलगी निजायची ना या ओट्याखाली," त्या म्हणाल्या. "त्या वेगाला हा आवाज करत नसे."

"म्हणजे इतकी वर्षं आपण सगळे..."

"इतकी वर्षं आपण सगळे माझ्या मुलीच्या झोपेच्या वेगानं पाणी हलवतोय."

मिस्त्रीला यातले काही कळले नाही, पण तोही हसला. त्याला पट्टा तसाच राहू द्यायला सांगितले, तेव्हा मात्र त्याने या दोघींचे डोके ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने पाहिले.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत गोंगाटाचे. घसरणारा पट्टा कधी कसा वागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून अखेर मिस्त्रीने नवा बसवला. मग धाकटीने बटण ठिपक्यावरून काढले आणि मला हळू चालवले, त्याहून हळू चालवले, इतके हळू की चंबूंतले पाणी जेमतेम कूस बदलत होते. माझी जुनी खोड परत आली आणि मी मनसोक्त खडखडलो. सगळ्यांनी कानांत कापूस घातला, पण मला कोणी बंद केले नाही. प्रत्येक वेगाची वेगळी रेषा निघाली. धाकटीने नवे गणित मांडले, त्यात डोलण्याचा हिशेब वेगळा धरला आणि कोळशाचा वेगळा. मग तिने आत्याच्या अंगणात जाऊन स्वतः दुसरे पिंप उभे केले, कोळसा बारीक करून घातला आणि रंगाला तो थर ओलांडायला जास्त वेळ मिळावा म्हणून तोटी थोडी आवळली. हे सगळे होईपर्यंत आत्याने निम्मेच सूत रंगवले.

साहेब ठरल्या दिवशी तपासणीला गेले. त्या दिवशी धाकटी तिकडे होती आणि इकडे बाईंचे कशातच लक्ष लागत नव्हते. त्या तीनदा माझ्याजवळ आल्या आणि माझ्या तबकावरची नसलेली धूळ पुसून गेल्या. संध्याकाळ व्हायच्या आत आत्या आणि धाकटी दोघी दारात उभ्या राहिल्या. आत्याच्या हातात बाटली होती. तिने ती खिडकीपाशी धरली, तेव्हा बाटलीपलीकडची झाडाची पाने स्वच्छ दिसली. कुलूप टळले होते. बाईंचा जीव भांड्यात पडला.

आत्या बाटली खाली ठेवायला तयार नव्हती. "आयुष्यभर रंग चढावा म्हणून धडपडले," ती म्हणाली. "तो उतरला म्हणून रडू येईल, असं कधी वाटलं नव्हतं." आणि ती खरोखरच रडली. धाकटीने आपल्या ओढणीने तिचे डोळे पुसले.

नवे यंत्र त्याच आठवड्यात आले. छान आहे हो ते. अंगावर ओरखडा नाही, हिरव्या आकड्यांत वेग दाखवते आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. पण ते माझ्याइतके हळू चालू शकत नाही. त्यामुळे जोराची कामे त्याच्याकडे आणि मंद पाण्याची कामे माझ्याकडे, अशी वाटणी झाली आहे. मिस्त्री महिन्यातून एकदा येऊन मला तेल देतो, पट्टा तपासतो आणि माझी वाटेल तशी थट्टा करतो. मला भंगारात द्यायचे नाव आता कोणी काढत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखी म्हातारी यंत्रे असतील. त्यांना वेळेवर तेल द्या, धूळ पुसा, सैल झालेले आवळा. एवढे केले तरी आम्ही पुष्कळ चालतो. आणि एखाद्या दिवशी आमचे वागणे बदलले, तर लगेच रागावू नका, घटकाभर आमच्याजवळ बसा. हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. त्या संध्याकाळी निघण्यापूर्वी आत्या माझ्यापाशी आली होती. हा तो पाळणा का, असे विचारून तिने आपला निळा हात माझ्या तबकावर ठेवला. मी डोलत होतो, माझ्याबरोबर तिचा हातही डोलू लागला.

"एवढं याला ठाऊक होतं, तर यानं आधी का नाही सांगितलं गं?" तिने हसत विचारले.

"सांगत होता, आत्या," धाकटी म्हणाली. "मी ओतून देत होते."